चढालाही तीच, उतारालाही तीच?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. तीन वर्षांपासून नवरा आणि सात वर्षांच्या मुलासोबत ओस्लोजवळ सान्विकाला राहते. इकडे येण्याआधी गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स केला होता, तेव्हापासून उताराचं वेड लागलंय. शनिवारी मुलाचा स्कीचा क्लास ट्रिव्हानला असतो, तेव्हा भाड्याच्या स्की घेऊन मीही तासभर उतरून घेते. रविवारी शेजारणीच्या जुन्या स्की घेऊन नूरमार्कात, म्हणजे ओस्लोच्या जंगलात जाते, फ्रोग्नरसेतेरेनहून उल्लेवोलसेतेरच्या दिशेने. सपाटीवर मजा येते, पण उतार दिसला की पोटात गोळा येतो. गुलमर्गला यापेक्षा उभ्या उतारावरून हसत यायचे आणि इथं चक्क स्की काढून हातात घेऊन उतरले!

येत्या ईस्टरला ऑफिसातली मंडळी फिन्सेहून निघून डोंगरातल्या झोपड्यांत मुक्काम करत चार दिवस फिरणार आहेत. रोज १५ ते २२ किलोमीटर, पाठीवर १२ किलो. मलाही बोलावलंय. घरात जागा नाही, त्यामुळे स्कीची एकच जोडी घ्यायची आहे. बूट आणि तो स्कीला जोडणारं बाइंडिंग धरून ९ हजार क्रोनर. दुकानदार म्हणतो, रुंद टूरिंग स्की घ्या, चढताना टाच सुटते, उतरताना अडकवता येते, म्हणजे दोन्ही कामं होतात. सहकारी म्हणतो, लांब अरुंद फ्येलस्कीशिवाय, म्हणजे डोंगरी सफरीच्या स्कीशिवाय, दुसरं काही बघूच नकोस. उंची १६३ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. पकडीसाठी तळाला खवले असलेली घ्यावी की वॅक्स लावायची? आणि नवरा विचारतोय, अधूनमधून तीच जोडी त्यालाही चालेल का?

– उताराची वेडी, सान्विका

ताईंचं उत्तर

सातारकर मैत्रिणी,

दुकानदार तुला फसवत नाहीये आणि सहकारीही काही चुकीचं सांगत नाहीये. दोघं वेगवेगळ्या बर्फाविषयी बोलतायत, एवढंच. दुकानदाराच्या डोळ्यांपुढे योटुनहाइमेनमधला एप्रिलचा एखादा उभा उतार आहे, तर सहकाऱ्याच्या डोळ्यांपुढे हार्डांगरविद्दाचं पठार. तू कुठल्या बर्फावर किती वेळ घालवणार आहेस, हे मात्र दोघांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. तू पत्रात ते सगळं लिहिलं आहेस, फक्त बेरीज केलेली नाहीस.

शनिवारचा तुझा तास धर. त्यातला निम्मा लिफ्टच्या रांगेत आणि लिफ्टवर जातो. रविवारी तीन-चार तास मार्कात, त्यात उतार असा किती? सगळे जोडले तरी अर्धा तास. फिन्सेच्या सफरीत रोज सहा-सात तास चाल असेल आणि त्यात खरीखुरी उतरण तासाभराची. म्हणजे स्कीवरच्या दहा तासांतले आठ तरी तुझी टाच उचललेली असणार आणि तू पुढे सरकत असणार. स्की त्या आठ तासांसाठी घ्यायची. उरलेले दोन तास बूट आणि पाय सांभाळून घेतात.

तेव्हा माझा कौल आधीच सांगून टाकते. फ्येलस्कीच घे, पण तुझा सहकारी सांगतोय त्याहून एक माप रुंद. कंबर, म्हणजे स्कीची मधली रुंदी, साधारण ६० ते ६२ मिलिमीटर, टोकापासून शेपटीपर्यंत पूर्ण लांबीची पोलादी कड, आणि मधली कमान बेताची. टाच अडकवणारं बाइंडिंग या खेपेला नको. आणि ट्रिव्हानच्या शनिवारसाठी काहीही विकत घ्यायचं नाही.

आता का, ते बघ. सपाटीवर पळणारी आणि उतारावर वळणारी या दोन स्कींच्या मागण्या एकमेकींच्या अगदी उलट असतात. दुकानात एखादी फ्येलस्की जमिनीवर ठेवून बाजूने पाहा. मध्ये ती कमानीसारखी वर उचललेली दिसेल. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून घसरत असतेस तेव्हा हा मधला भाग बर्फाला जेमतेम टेकतो, त्यामुळे तिथलं वॅक्स किंवा खवले अडवत नाहीत. एका पायावर पूर्ण भार देऊन मागे रेटा दिलास की कमान दबते, मधला भाग बर्फाला चिकटतो आणि तू पुढे जातेस. सगळी चाल या उघडझापीवर चालते. उतारावर हीच कमान आडवी येते. वळताना स्की उलट्या बाजूने वाकायला हवी, म्हणजे तिची कड बर्फात एक सलग कंस काढते. मध्ये ताठ असलेली स्की वाकायला राजी नसते. ती सरळच जाते आणि तुलाही सरळच नेते. गुलमर्गला तू ज्या स्कीवर शिकलीस तिची कमान मऊ होती, टोक-शेपूट रुंद आणि कंबर बारीक होती, शिवाय टाच घट्ट बांधलेली होती. तिथली हिंमत मार्कात कुठे गेली, याचं अर्धं उत्तर शेजारणीच्या त्या जुन्या स्कीमध्ये आहे. तुझ्यात खोट नाही.

खरं तर एकाच जोडीवर दोन्ही करायची हौस जुनी आहे आणि ती इथलीच आहे. तेलेमार्कमधल्या मोर्गेदालचा सोन्द्रे नोरहाइम १८६८ मध्ये क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला आला आणि त्याने लोकांना उड्या आणि वळणं करून दाखवली. त्याच्या स्कीला कंबर होती आणि टाचेमागून पीळ दिलेल्या फांद्यांचं बाइंडिंग होतं. त्यामुळे टाच उचलता यायची, पण पाय सटकायचा नाही. कामाला जायचं त्याच स्कीवर आणि रविवारी टेकडीवरून उडी मारायची तीही त्याच स्कीवर. पुढे आल्प्समधल्या उभ्या उतारांनी टाच खाली खिळवली आणि खेळाची दोन घरं झाली. तू आज जे मागतेयस ते वाटणीच्या आधीचं घर आहे. ते अजून मिळतं, फक्त त्यात लिफ्ट नाही असं समज.

दुकानात तुला ढोबळमानाने तीन प्रकार दिसतील. पहिला अरुंद, फिशरच्या ई-९९ सारखा. टोक ६६, कंबर ५४, शेपूट ६१ मिलिमीटर. सहकाऱ्याच्या मनात बहुधा हीच किंवा हिच्याच कुळातली आहे. सरळ जायला अप्रतिम, वळायला हट्टी. दुसरा मधला. मादशुसची जी आधी इऑन नावाने मिळायची आणि आता पानोरामा एम-६२ म्हणून मिळते ती, टोक ८३, कंबर ६२, शेपूट ७०. ओस्नेसकडेही याच अंगाच्या स्की आहेत, इंग्स्ताद त्यातलीच. तिसरा रुंद. फिशर एस-बाउंड ९८ ची कंबर ६९, तिच्या थोरल्या ११२ ची ७८. या मऊ भुसभुशीत बर्फात झाडांमधून वर-खाली करायला मजेदार असतात, पण २० किलोमीटरच्या पठारावर १२ किलो घेऊन चालताना दुपारनंतर प्रत्येक पावलाला जड वाटतात.

मधलीच का? तुला खरी भीती उताराची आहे. अरुंद स्की घेतलीस तर फिन्सेला वेगाने चालशील आणि प्रत्येक उतारावर मागे राहशील. मधलीची कंबर तिच्या टोकाच्या मानाने बारीक असल्याने ती वळणाला हो म्हणते, आणि टोक रुंद असल्याने वाऱ्याने कडक केलेल्या बर्फाचा पापुद्रा फुटला तरी ते आत घुसत नाही. याची किंमतही आहे, ती लपवत नाही. मार्कात यंत्र ज्या दोन खाचा पाडून जातं, त्यांत साधारण ७० मिलिमीटरपर्यंतचीच स्की नीट बसते. तुझी ८३ ची टोकं खाचेच्या भिंतींवर घासत जातील, डोंगरी बाइंडिंगची रुंद पट्टीही तिथंच खरडेल. खाचेशेजारी यंत्राने दाबलेला सपाट पट्टा असतो, तिथून चालायचं. वेग कमी होईल, मागून आलेले ताठ पोशाखातले आजोबा सहज पुढे निघून जातील. ते तसेही जाणार होते.

तुझे रविवार सगळे खाचेतच जात असतील आणि फिन्से ही एकदाचीच गंमत असेल, तर मात्र माझा कौल फिरव आणि सहकाऱ्याचं ऐक. पण तुझ्या पत्राचा सूर तसा वाटत नाही.

दुकानदाराच्या सल्ल्याविषयी. टाच सोडणारं-अडकवणारं टूरिंग बाइंडिंग ही सुंदर वस्तू आहे. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन बारीक खिळे दोन बाजूंनी धरतात, चढताना टाच मोकळी, वर पोचल्यावर मागचा भाग फिरवला की टाच बंद. पण त्या स्कीच्या तळाला पकड देणारं काहीच नसतं. चढायला तळभर स्किन, म्हणजे मागे सरकू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या, चिकटवाव्या लागतात आणि त्या स्किन सपाटीवर घसरू देत नाहीत. म्हणजे फिन्सेच्या पठारावर तू घसरणार नाहीस, पायपीट करशील. आणि वाटेत लहानसा उतार आला की थांबा, स्किन सोला, घडी घाला, टाच अडकवा, शंभर मीटर उतरा, पुन्हा स्किन लावा. सोबतचे चौघं तोवर पुढच्या वळणाआड गेलेले असतील. ज्यांना सकाळी एक शिखर चढून दुपारी एकदाच खाली यायचंय त्यांची ती अवजारं. तुला पुढेमागे तो नाद लागला तर लागू दे. पण त्याच्यासोबत हिमस्खलनाचा कोर्स, गाडलेल्या माणसाला शोधायचा ट्रान्सीव्हर आणि लांब सळई (प्रोब), फावडं येतं, आणि ३० अंशांच्या पुढचा उतार ओळखायची नजर येते. ९ हजारांत यातलं काहीच बसत नाही.

आता बुटाकडे ये, कारण माझ्या मते तुझ्या ९ हजारांतला मोठा वाटा तिकडे जायला हवा. टाच मोकळी असते तेव्हा स्की वळवायची ताकद बुटातून जाते. बूट ढिला आणि मऊ असला की तू पाय फिरवतेस, बूट फिरतो आणि स्की आपली होती तशीच सरळ. दुकानात बूट हातात घे आणि ओला कपडा पिळतात तसा टोक-टाच धरून पिळून बघ. सहज पिळला गेला तर तो खाचेतला बूट आहे, परत ठेव. तळवा पुढे वाकायला हवा, पण आडवा पिळता येता कामा नये. घोट्याच्या वर येणारा, बाजूंनी घट्ट. जाड लोकरी मोजा घालून, टाच मागे नीट बसवून, पुढे बोटं हलायला जागा हवी. दुकानात तो घालून पंधरा-वीस मिनिटं फिर, जिने चढ-उतर. टाच आत वर-खाली होत असेल तर दुसऱ्या दिवशी झोपडीत बसून फोड मोजत बसशील.

बुटाबरोबर बाइंडिंगची जातही ठरते, आणि एका जातीचा बूट दुसरीत बसत नाही. सगळ्यांत जुनं ७५ मिलिमीटरचं तीन खिळ्यांचं, पुढे बदकाच्या चोचीसारखा तळवा असलेल्या बुटांसाठी. ते ज्या कुळातलं आहे ते रोत्तेफेल्ला बाइंडिंग ब्रोर विथने १९२७ मध्ये काढलं. दणकट आहे आणि जुन्या बाजारात ढिगाने मिळतं. दुसरं एनएनएन-बीसी. बुटाच्या बोटांखाली आडवी सळई असते, ती अडकते. शेजारणीच्या बुटांतही सळई असेल, पण खाचेतल्या बुटांची सळई अरुंद असते, ते बूट यात चालणार नाहीत. तिसरं नवं, एक्सप्लोर. उतारावर पकड चांगली देतं, पण महाग आहे. तुझ्या पैशांत मी एनएनएन-बीसी घेतलं असतं. बर्फाचा चिखल झाला की सळईपाशी गोठून बसतो, तो काठीच्या टोकाने उकरायची सवय ठेव.

एक सांगून ठेवते, मोकळ्या टाचेच्या या बाइंडिंगमधून पडल्यावर पाय आपोआप सुटत नाही. गुलमर्गच्या स्की कटकन सुटायच्या, या सुटत नाहीत. वेग वाढतोय असं वाटलं की वळणाची वाट न बघता सरळ एका कुशीवर बस. लाज वगैरे काही नाही, इथले पट्टीचे लोकही हेच करतात.

आणि तीच भीती घेऊन बोलू, कारण मला वाटतं तू खरेदीचा प्रश्न विचारलास तो त्या भीतीपोटी. चांगली स्की भीती अर्धीच घालवते. मार्कातल्या खाचेतून उतरताना लोक घाबरतात त्याचं कारण दोन्ही पाय रुळात अडकल्यासारखे वाटतात. एक पाय बाहेर काढ. वजन खाचेतल्या पायावर, बाहेरच्या स्कीचं टोक आत आणि शेपूट बाहेर अशी तिरकी धरून तिच्या आतल्या कडेवर हळूहळू दाब दे. अर्धा स्नोप्लाव झाला. वेग लगेच उतरतो आणि खाचेतला पाय तुला सरळ ठेवतो. पूर्ण स्नोप्लाव गुलमर्गला शिकलीच आहेस, फक्त मोकळ्या टाचेवर गुडघे जास्त वाकव आणि वजन टाचांकडे येऊ दे. पुढे झुकलीस की तोंडावर जाशील, कारण तुला मागे धरून ठेवायला इथं काही नाही.

फिन्सेला पाठीवर ओझं असताना उभा उतार आला तर वळणांचा हट्टच सोड. उताराला आडवी चाल, अगदी सपाट वाटेल इतकी आडवी. कडेला जाऊन थांब, काठ्या रोव, आणि उभ्या जागी एक स्की उचलून उलट दिशेला टेकव, मग दुसरी. या किक-टर्नने बरेच उभे उतार उतरता येतात. हे जमायला स्की फार लांब नको, हेही मधल्या मापाच्या बाजूने एक कारण. ट्रिव्हानच्या निळ्या, म्हणजे सोप्या उतारावर एखादा शनिवार तुझ्या नव्या फ्येलस्की घेऊन जा. लिफ्टने वर, मोकळ्या टाचेने खाली, परत वर. मार्कात महिनाभरात जेवढे उतार मिळतात तेवढे तिथं दोन तासांत मिळतील. लाल, म्हणजे अवघड उतारावर त्या घेऊन जाऊ नकोस.

खवले की वॅक्स? तू ओस्लोच्या आसपास राहतेस, तिथं हिवाळ्यात बऱ्याचदा पारा शून्याच्या अवतीभोवती घोटाळत असतो. खवल्यांची स्की कधीही पायात घालून निघता येते, ही तिची मोठी सोय. पण ती सपाटीवर घरघरत जाते, घसरते कमी, आणि कडक बर्फावर ओझं घेऊन चढताना तिची पकड सुटते. मी वॅक्सची घे म्हणेन, आणि सोबत छोटी स्किन. हल्लीच्या बऱ्याच फ्येलस्कींना तळात पुढच्या बाजूला एक खाच असते, त्यात अडकवून कमानीखाली तेवढ्यापुरती एक आखूड स्किन लावता येते. तुझ्या स्कीला ती सोय आहे का, ते घेताना बघ. लांब चढ आला की स्किन लाव, संपला की काढून जॅकेटच्या आत ठेव, नाहीतर गोंद गोठतो. आणि तुझ्यासाठी खास उपयोग: भीतिदायक उतारावर ती काढूच नकोस. ब्रेकचं काम करते.

वॅक्सचा बाऊ करू नकोस. कांड्यांचे रंग थंडीप्रमाणे असतात, फार थंडीत हिरवी, मग निळी, शून्याजवळ जांभळी, त्यावर लाल. कोरड्या स्कीवर बुटाच्या टाचेपासून बाइंडिंगच्या पुढे दोन-अडीच वीत खडूसारखं फासायचं आणि बुचाने घासून चकचकीत करायचं. जाड एक थर देण्यापेक्षा पातळ तीन-चार. लावून झालं की स्की दहा मिनिटं बाहेर भिंतीला टेकवून ठेव, गरम तळ बर्फावर टाकलास की बर्फ चिकटतो. पाय मागे सटकत असेल तर त्यावर एक रंग उबदार लाव, उलट केलंस तर मऊ थरावर कडक थर बसत नाही. ईस्टरच्या दुपारी ऊन तापून जुना बर्फ भिजला की कांडीने भागत नाही, तेव्हा लोक क्लिस्टर नावाचा चिकट डिंक लावतात. तो हाताला, पिशवीला, केसांना, सगळीकडे लागतो. त्या दिवशी तू गुपचूप स्किन लाव.

लांबी उंचीवरून नाही, वजनावरून ठरव. तुझ्या ६१ किलोंना आणि १२ किलोंच्या ओझ्याला मधल्या प्रकारात १८० च्या आसपासची जोडी बसेल असा माझा अंदाज, पण अंदाजावर पैसे टाकू नकोस. दुकानात सपाट फरशीवर दोन्ही स्की ठेवून त्यांवर सारखं वजन देऊन उभी राहा आणि कुणाला तरी तुझ्या पायाखालून कागद सरकवायला सांग. कागद सहज पुढे-मागे सरकायला हवा. मग पूर्ण भार एका पायावर घे, कागद अडकायला हवा. आता घरून भरून आणलेली १२ किलोंची पाठपिशवी घाल आणि पुन्हा तेच कर. पिशवीसकट दोन पायांवर कागद थोडासा घासला तर हरकत नाही, पण घट्ट अडकला तर स्की तुझ्यासाठी मऊ आहे, सफरभर वॅक्स घासत जाशील. पिशवीशिवाय एका पायावरही कागद सुटतच असेल तर ती ताठ आहे आणि चढावर तुझा जीव काढेल. दुकानदार हसला तर हसू दे.

सगळं नवं ९ हजारांत बसवणं कठीण आहे. बूट नवे घे, स्की जुन्या. फिन्न या खरेदी-विक्रीच्या साइटवरच्या जाहिरातींत फ्येलस्की सतत येत असतात. बघायला गेलीस की दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून मधोमध हाताने दाब. दोन्हीकडे सारखी ताकद लागली पाहिजे. एक लगेच मिटते आणि दुसरी दाद देत नाही, असं असेल तर ती थकलेली जोडी आहे. कडेवर वरवरचा गंज चालतो, कड तळापासून सुटलेली चालत नाही. बाइंडिंग धरून हलव, स्क्रू डुगडुगले तर आत पाणी गेलंय समज. जुने बूट मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नकोस. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बुटांचे तळवे आतून विरलेले असतात, वरून धडधाकट दिसतात आणि पहिल्याच सफरीत भाकरीसारखे तुकडे पडतात. फिन्सेला रस्ता जात नाही, फक्त रेल्वे. तिथं तळवा सुटला तर दोरीने बांधून स्टेशनपर्यंत यावं लागतं.

शनिवारचं आता. तुमच्या भागात 'बूआ'चं केंद्र आहे का ते बघ. खेळाचं सामान मोफत उसनं देणारी ही योजना देशभर आहे. मुलांसाठी म्हणून लोक जातात, पण मोठ्यांच्या स्की, बूट, हेल्मेटही बऱ्याच ठिकाणी असतात. आठवडाअखेरीसाठी अल्पाइनचा, म्हणजे उताराच्या स्कीचा संच तिथून घ्यायचा आणि परत करायचा. घरात जागाही जात नाही. नाही मिळाला तर भाड्याचा आहेच, सध्या तेच करतेयस आणि काही बिघडलेलं नाही.

फिन्सेविषयी दोन शब्द, कारण स्की कितीही योग्य असली तरी तिथला वारा तिला मोजत नाही. स्टेशनच १,२२२ मीटरवर आहे आणि झाड म्हणून नाही. शॅकल्टनने १९१४ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेआधी आपली माणसं आणि सामान आजमावायला हीच जागा निवडली होती, यावरून काय ते समज. ईस्टरला झोपड्यांमधल्या वाटा काठ्या रोवून आखलेल्या असतात, त्या सोडू नका. सकाळी निघण्याआधी वारसोम या इशाऱ्यांच्या साइटवर त्या भागाचा हिमस्खलनाचा इशारा बघा आणि झोपडीच्या यजमानाला वाट विचारा. वाऱ्याने बर्फ उडायला लागला आणि पुढची काठी दिसेनाशी झाली, तर मागे फिरा. इथल्या डोंगराच्या नऊ नियमांत वेळेत मागे फिरणं हा एक नियमच आहे. तू सह्याद्रीत फिरलेली असशील तर पावसात फुगलेल्या ओढ्यासमोरून परत फिरण्याची सवय असेल, ती इथं उपयोगी पडेल. आणि ईस्टरच्या आधी ओझ्यासकट एक तरी पूर्ण दिवस मार्कात काढ. बूट कुठे चावतो हे तिथं कळलेलं बरं.

राहता राहिला नवरा. त्याचं वजन तू लिहिलं नाहीस, पण तुझ्यापेक्षा पंधरा-वीस किलोंनी जास्त असेल असं धरलं तर तुझ्या स्कीची कमान त्याच्या पायाखाली पूर्ण दबलेली राहील. तो चढेल छान, घसरणार मात्र नाही, आणि दोष स्कीला देईल. शिवाय तुझे बूट त्याला होणार नाहीत आणि त्याचे बूट तुझ्या बाइंडिंगच्या जातीचे निघतीलच असं नाही. त्याला बूआत पाठव.

– ताई